वीज कातडीवरून जात नाही हो!

भाचा नववीत आहे. परवा एका प्रदर्शनात टेस्ला कॉइल बघून आला आणि लगेच फोन. "मामा, लाखो व्होल्ट, आणि सरांनी ठिणगी चक्क अंगावर घेतली! हाय फ्रिक्वेन्सीची वीज कातडीवरूनच वाहते, आत जात नाही. स्किन इफेक्ट! मी पण करणार. निऑनच्या पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर मिळतोय."

माझं डोकंच फिरलं. ही थाप मी कितीदा ऐकली असेल, तीही चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून.

मुळात यंत्र साधं आहे. टेस्लाने १८९१ साली बनवलं. ट्रान्सफॉर्मर एक कपॅसिटर भरतो. तो पुरेसा भरला की ठिणगीच्या फटीतून जाड तांब्याच्या पाच-दहा वेढ्यांत रिकामा होतो आणि वीज सेकंदाला काही लाख वेळा मागेपुढे डोलू लागते. शेजारी बारीक तारेचे हजारभर वेढे, त्याच तालाला जुळवलेले. झोक्याला वेळेवर धक्के द्यावेत तशी ऊर्जा तिकडे जाते आणि वरच्या कड्यातून ठिणग्या निघतात.

आता स्किन इफेक्ट. तो खरा आहे, पण तांब्यात! ३०० किलोहर्ट्झला तांब्यात वीज मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढीच आत शिरते. माणूस तांब्याचा नाही. मांसात हीच खोली मीटरच्या घरात जाते. सरांचा दंड केवढा जाड असेल?

गणित नको असेल तर ऑपरेशन थिएटरातली कॉटरी आठवा. तिची फ्रिक्वेन्सीही काही लाख हर्ट्झच. एका टोकाला सर्जनच्या हातातली पेन्सिल, दुसऱ्या टोकाला मांडीला चिकटवलेली पट्टी, आणि मधे पेशंट. वीज आरपार जाते, म्हणून तर ते चालतं.

मग झटका का बसत नाही? दिशा इतक्या झटपट बदलते की मज्जातंतूंना प्रतिसाद द्यायला सवडच मिळत नाही. दार्सोंव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८९० च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणजे वीज आतून जातेच, फक्त आपल्याला कळत नाही. भाजतं मात्र. आणि झटका नाही म्हणून हात मागे घ्यायचंही सुचत नाही.

यात खरा जीवघेणा भाग कड्याकडे नाहीच, खाली आहे. तो ट्रान्सफॉर्मर घरातल्याच ५० हर्ट्झवर हजारो व्होल्ट देतो, आणि कपॅसिटर बटण बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो. तिथे कसली हाय फ्रिक्वेन्सी आणि कसलं काय! "आत जात नाही" असं मनात धरून पोरगं तिकडे हात घालणार, ही माझी भीती आहे. टाळ्या मिळाल्या सरांना, असो.

पोराने कॉइल करू नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः बसून करीन त्याच्याबरोबर, बॅटरीवरची छोटीशी.

ताई, तू हे वाचतेसच. तो ट्रान्सफॉर्मर घरी आलाच, तर रविवारी मी येईपर्यंत कपाटात घालून कुलूप लाव. किल्ली त्याच्या आजोबांकडे देऊ नकोस, ते त्यालाच सामील आहेत.