‘ऊन’ अशुद्ध कसे?

वस्तीतल्या अभ्यासिकेत सातवीतल्या एका मुलीने निबंधाची वही दाखवली. तिने लिहिले होते, ‘आई कामावरून आली की मी तिला हातपाय धुवायला ऊन पाणी देते.’ ‘ऊन’ शब्दावर लाल रेघ. वर सुधारणा : ‘उष्ण’. बाजूला शेरा : ‘शुद्ध लिहा.’

मित्रांनो, तुझ्या आईची भाषा बिघडलेली आहे, असे त्या मुलीला सांगणारी ही रेघ आहे. म्हणून या एका शब्दाचा हिशेब मांडू.

आज ऊन म्हटले की सूर्याचा ताप आठवतो. पण मूळ अर्थ ‘गरम’ हाच. म्हणूनच भाकरी ऊन-ऊन असते, आणि कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांची नावे उन्हवरे, उन्हेरे अशी आहेत. पालीत आणि महाराष्ट्री प्राकृतात हा शब्द ‘उण्ह’ असा आहे. ‘ऊन’ म्हणताना त्यातला ‘ह’ गळतो. ‘उन्हात’, ‘उन्हाळा’ म्हणताच तो परत येतो. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आळशी माणसाच्या सबबी सांगितल्या आहेत. त्यातली एक आहे ‘अतिउण्ह’, म्हणजे फार ऊन आहे. आपली आजीही हेच म्हणायची ना?

लगेच कोणी म्हणेल, ‘पण मूळ तर संस्कृत उष्णच!’ उष् म्हणजे जळणे, हा धातू जुना आहे. ते नाकारायचे कारण नाही. ‘संस्कृतच पालीतून निघाली’ असे फॉरवर्ड आपणही थांबवावेत. पुराव्याशिवाय बोलणे ही बाबासाहेबांची शिकवण नव्हे. शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः शिकून घेतले आणि पालीचे व्याकरण व शब्दकोशही तयार केला.

आपला प्रश्न वेगळा आहे. मूळ जुने आहे म्हणून लोकांच्या तोंडून घडलेला शब्द अशुद्ध कसा? ‘ष्ण’चा ‘ण्ह’ होणे हा प्राकृताचा नियम आहे. तृष्णा, तण्हा, तहान. उष्ण, उण्ह, ऊन. नियमाने बदलते त्याला बिघाड म्हणत नाहीत. बुद्धवचन छंदसात बांधण्याची परवानगी काही भिक्खूंनी मागितली, तेव्हा बुद्धांनी ती नाकारली. लोकांनी आपापल्या भाषेत धम्म शिकावा, असे सांगितले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीसोबत पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा दिला. मराठीच्या अभिजातपणाचे ढोल वाजवायचे आणि तिच्या प्राकृत शब्दावर लाल रेघ मारायची, हा दुटप्पीपणा नाही तर काय?

आपण ‘उन्हातान्हात’ म्हणतो. त्यातले ‘तान्ह’ म्हणजे तहान. ऊन आणि तहान, दोन्ही शब्द ज्यांनी अंगावर झेलले, त्यांनीच ते जिवंत ठेवले. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर गेलेल्या आपल्या माणसांना या दोन शब्दांचा अर्थ कोणत्याही पंडिताला विचारावा लागला नाही.

त्या मुलीला मी सांगितले : ‘बाळा, रेघ राहू दे. तिच्याखाली पुन्हा लिही, ऊन.’ तुमच्या अभ्यासिकेतही वह्या उघडून बघा. जिथे अशी रेघ दिसेल, तिथे मुलांसमोर हा हिशेब मांडा, आणि शिक्षकांना भेटून त्यांच्यासमोरही.

जय भीम!