बुडालेल्या खलाशांचे देणे

दरवर्षी ५ एप्रिल रोजी आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली याच दिवशी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले आणि एतद्देशीय भांडवलाने ब्रिटिश मक्तेदारीस आव्हान दिले. त्या घटनेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु जहाज कोणाच्या मालकीचे होते हे ज्या देशाला आठवते, त्याला त्या जहाजांच्या भट्टीत कोळसा कोण टाकीत होते आणि जहाज बुडाले तेव्हा त्याबरोबर कोण गेले हे आठवू नये, ही विस्मृती निरागस नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवरील सुमारे पाव मनुष्यबळ भारतीय होते. मुंबई बंदरातून जाणाऱ्यांत डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील हिंदू-मुसलमान खलाशी, भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, तर भटारखान्यात व सलूनमध्ये धोबीतलावच्या कुडांतून आलेले गोव्याचे तारवटी, अशी विभागणी रूढ होती. गोवेकर तर पोर्तुगालचे, म्हणजे तटस्थ राष्ट्राचे, प्रजाजन. या सर्वांस युद्धात ओढले ते देशभक्तीने नव्हे. नापीक कातळावरच्या दारिद्र्याने.

त्यांचे वेतन गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असे. कोकणात जगण्यास खर्च कमी लागतो, हा त्यावरचा ठरीव युक्तिवाद. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो कितीही सजविला, तरी पाणतीराचा स्फोट डेकवरील माणसाचा निर्वाह-खर्च विचारून होत नाही. जोखीम समान आणि मोबदला मात्र वंशानुसार, ही शुद्ध पिळवणूक होती. खलाशांना ती समजतही होती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत भारतीय खलाशांनी वेतनवाढ व युद्धभत्ता यांसाठी काम नाकारले. शेकडो जण तुरुंगात गेले. पण मालकांना वेतन वाढवावे लागले.

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिक महासागरात ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. सुरक्षिततेसाठी कॅनडास पाठविल्या जाणाऱ्या ९० मुलांपैकी ७७ मुले त्यात दगावली. त्या मुलांचे स्मरण ब्रिटन आजही करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच रात्री सुमारे शंभर भारतीय खलाशीही गेले. त्या कथेत ते बहुधा बिननावीच राहिले.

मृत्यूनंतरही याद्या वेगळ्याच राहिल्या. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशा व्यापारी खलाशांची नावे लंडनच्या टॉवर हिलवर जहाजवार कोरलेली आहेत. भारतीय करारावर गेलेल्यांची सुमारे सहा हजार नावे मात्र एका पुस्तकात आहेत. त्याची एक प्रत मुंबईच्या खलाशी-गृहात, दुसरी चितगावच्या युद्ध-दफनभूमीत. जहाज एक, स्फोट एक आणि मृतांच्या याद्या दोन!

हा केवळ इतिहास असता तर लेखणी येथेच थांबती. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले. व्यवस्थापन ग्रीक, ध्वज बार्बाडोसचा. मेले ते दोन फिलिपिनी आणि एक व्हिएतनामी. युद्ध दुसऱ्याचे, नफा तिसऱ्याचा आणि मरण गरीब देशाच्या खलाशाचे, हे गणित बदललेले नाही. एकाच जहाजावर राष्ट्रीयत्व पाहून वेगवेगळे वेतन देण्याची प्रथाही संपलेली नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दापोली, गुहागर, राजापूर, मालवण येथील कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन विचारावे: तुमच्या घरातून बोटीवर गेलेला आणि न परतलेला कोणी होता काय? जुन्या ट्रंकेत खलाशाच्या नोकरीची पुस्तिका, एखादी तार, एखादे पत्र असेल. त्या पुस्तकातील नावांशी ते ताडून गाववार मराठी यादी करावी आणि येत्या ५ एप्रिलला ती बंदरावर जाहीर वाचावी. त्याच सभेत समान कामास समान वेतन आणि युद्धक्षेत्रात जाण्यास नकार देण्याचा हक्क, या आजच्या खलाशांच्या मागण्याही मांडाव्यात. बुडालेल्यांचे देणे पुष्पचक्रांनी फिटत नाही. ते जिवंत खलाशांच्या हक्कांतूनच फेडावे लागेल.