नावेत बसण्यापूर्वीचा कागद

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय अठ्ठावन्न. हिमालयातल्या कुठल्याशा पदभ्रमण शिबिराचा छापील अर्ज त्यांनी पुढे सरकवला आणि म्हणाले, "डॉक्टर, इथे फक्त सही-शिक्का." मी रक्तदाबाचा पट्टा उचलला तसे ते हसले. "अहो, त्याची काय गरज? तुम्ही ओळखता की मला!" पस्तीस वर्षांच्या व्यवसायात अशा किती अर्जांवर मी नुसत्या ओळखीवर सही केली, याचा हिशेब मला देता येणार नाही. या वेळी मात्र केली नाही. गृहस्थ रागावून गेले. संध्याकाळपर्यंत त्यांना सही दुसरीकडे मिळालीही, असे कळले.

हे शहाणपण मला दवाखान्यात आले नाही. ते आले अमेरिकेतल्या एका जंगलात, ओल्या दगडावर बसून साखरेचे पाणी पिताना.

आमची मुलगी आणि जावई मिनिआपोलिसला असतात. गेल्या वर्षी आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. तिथून उत्तरेला चार-साडेचार तासांच्या मोटारप्रवासावर इली नावाचे लहानसे गाव आहे, आणि त्याच्या पलीकडे कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत पसरलेले 'बाउंड्री वॉटर्स' नावाचे राखीव अरण्य. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आणि त्यात हजारावर तळी. आत रस्ता नाही, दुकान नाही, बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला बंदी. कॅनू नावाची अरुंद, हलकी नाव वल्हवत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचे आणि मध्ये जमीन आली की नाव डोक्यावर घेऊन चालायचे. या चालण्याच्या वाटेला तिकडे पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ नावेच्या लांबीएवढा. आजिबवे लोक आणि त्यांच्यामागून आलेले कातड्यांचे व्यापारी भूर्जाच्या सालीच्या नावा घेऊन याच वाटांनी जात. ऑगस्टअखेर जावयाने तिथे पाच दिवसांची सहल ठरवली आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीही चला." आमच्या सौभाग्यवतींनी 'मी घर राखते' म्हणून अंग काढून घेतले. शहाणी बाई!

आमच्यात सहल ठरली की आधी चिवडा तळायला घेतात. तिकडे तीन महिने आधी कागदपत्रे सुरू झाली होती. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात आत मुक्काम करायचा तर कोणत्या वाटेने, कोणत्या तारखेला शिरणार याचा परवाना आधी काढावा लागतो. प्रत्येक वाटेने रोज किती गट सोडायचे ते ठरलेले असते. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार नावा. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेण्यास मनाई. आम्ही सहा जण होतो, तीन नावा. गटाच्या म्होरक्या म्हणजे जावयाच्या कचेरीतल्या एक बाई. वय पन्नाशीचे, लहानपणापासून या पाण्यात वाढलेल्या. त्यांनी प्रत्येकाला एक कागद भरायला पाठवला. वय, आजार, रोजची औषधे, कशाची ॲलर्जी, दाताचे दुखणे आहे का, पोहता येते का, ओझे घेऊन शेवटचे कधी चालला होता.

मला कागदाचा रागच आला. मी डॉक्टर! मला काय विचारता? मधुमेह गेली अकरा वर्षे आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. त्याआधी दोन महिने एका सकाळी दवाखान्यातच साखर उतरून मला घाम फुटला होता. कंपाउंडरने चहात चार चमचे साखर घालून दिली आणि मी त्याला दम भरला की घरी बोलायचे नाही. म्हातारा आहे, आजारी आहे, घरीच ठेवा असे कोणी म्हणू नये, एवढेच कारण. 'आजार' या रकान्यात मी 'काही नाही' लिहिले. मुलीने विचारले, "बाबा, सगळं लिहिलंत ना?" मी म्हणालो, "लिहिलं की."

बाकीची तयारी मात्र मन लावून केली. ती सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात वैद्यकशास्त्र पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट कपड्यांची. मी सुती सदरे काढून ठेवले होते, बाईंनी ते सगळे परत ठेवायला लावले. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते, वाळत नाही आणि शरीराची ऊब ओढून घेते. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा ओला असतानाही थोडी ऊब धरतो. त्या भागात ऑगस्टअखेरच्या रात्रीही बोचऱ्या असतात. मे महिन्यात तर बर्फ नुकते वितळलेले असते. अशा थंड पाण्यात माणूस पडला तर काय होते याचे सूत्र कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सोपे करून सांगितले आहे: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट धाप आवरण्याचे, पुढची दहा मिनिटे हातपाय चालण्याची आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे पट्टीचा पोहणारासुद्धा शरीर गार पडण्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे झाले म्हणून बुडतो. लाइफ जॅकेट हवे ते यासाठी, आणि ते अंगात हवे, बुडाखाली नव्हे. मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेला. मला त्याची लाज वाटत होती. जावयाने घराजवळच्या तळ्यात नेऊन मुद्दाम नाव उलटी केली आणि चष्मा कुठे गेला हे शोधता शोधता माझी लाज पळाली. तेव्हापासून चष्म्याला दोरी आली आणि दुसरा चष्मा सामानात गेला.

बूट दोन जोड: एक दिवसभर ओला राहणारा, एक तंबूपाशी कोरडा. नवे बूट नकोत. मी तर म्हणेन, खरेदीचा सोस हाच अशा सहलीतला पहिला आजार. दुकानात शिरलेला माणूस जे जे चकचकीत दिसेल ते उचलतो आणि मग ते पाठीवर वाहतो. मोठ्या कॅनव्हासच्या पोत्यासारख्या पिशव्या असतात, त्यात आधी जाड प्लॅस्टिकचे अस्तर, मग सामान. झोपण्याची पिशवी आणि एक कपड्यांचा जोड काही झाले तरी कोरडा राहिला पाहिजे. पाणी तळ्याचेच, पण गाळून किंवा खळखळून एक मिनिट उकळून. कितीही नितळ दिसो, त्यात जिआर्डिया हा जंतू असू शकतो आणि तो घरी परतल्यावर पोट धरायला लावतो. अन्न रात्री झाडाला टांगायचे, जमिनीपासून बारा फूट वर आणि खोडापासून सहा फूट दूर, नाहीतर अस्वलाला न येणाऱ्या डब्यात ठेवायचे. मुलीने मेतकूट, सातूचे पीठ, भाजलेले पोहे आणि कोरडे उपिटाचे मिश्रण घेतले होते. तिथल्या मंडळींनी मेतकूट-भात तीन वेळा मागून खाल्ला, हे जाता जाता सांगतो.

औषधांची पेटी माझ्याकडे. चिकटपट्ट्या, फोडांसाठी मऊ पट्टी, जलसंजीवनी, पॅरासिटामॉल, ॲलर्जीच्या गोळ्या, गोचीड काढायला बारीक चिमटा. तिकडे गोचिडीतून लाइम नावाचा रोग होतो, म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासायचे. सगळ्यांचे सगळे होते त्या पेटीत. माझ्यासाठी ग्लुकोज नव्हते. ते ठेवले असते तर प्रश्न विचारला गेला असता!

दुसऱ्या दिवशी १६० रॉडची वाट होती. अर्धा मैल, म्हणजे आठशे मीटर. कागदावर काहीच नाही. पण सामान दोन खेपांत न्यायचे तर तीच वाट तीन वेळा चालावी लागते, हे गणित वाचकांनी करून पाहावे. सकाळी गोळी घेतली होती. तंबू आवरण्याच्या गडबडीत नाश्ता अर्धाच झाला होता. त्यावर दोन तास वल्हवणे. दुसऱ्या खेपेत घाम फुटला. मला वाटले, श्रमाचा आहे. हात थरथरले. वाटले, वल्ह्याने दमले. मग मी जावयाशी भांडू लागलो की वाट चुकली आहे, तळे डावीकडे आहे. तळे समोर दिसत होते. रक्तातली साखर उतरली की मेंदूच आधी उपाशी पडतो, आणि ज्या मेंदूने रोग ओळखायचा तोच कामातून जातो. पुस्तकात हे मी तिसाव्या वर्षी वाचले होते. नावेत पाय ठेवताना मी काठावर पाय दिला, नाव कलली आणि जावयाने माझा पट्टा धरला म्हणून मी दगडावर आपटलो नाही.

मुलीने माझा चेहरा पाहिला आणि ओळखले. "साखर! कुणाकडे साखर आहे?" साखर होती, अन्नाच्या पिशवीत, तळाशी, तीन गाठींच्या आत. ती सोडायला किती वेळ लागला मला माहीत नाही, मुलगी म्हणते दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांबद्दल ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. साखरेचे पाणी पोटात गेले, पंधरा मिनिटांनी परत दिले, मग पोहे. ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो, एकदा साखर वर आली म्हणजे सुटलो असे नसते. म्हणून रात्रभर मुलगी दर दोन तासांनी उठून मला हलवत होती. जवळचा रस्ता एक दिवसाच्या वल्हवण्यावर, मोबाइलला संदेश नाही, मदत मागायला उपग्रहावरून निरोप धाडणारे एक लहान यंत्र तेवढे.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी माझा कागद काढला, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला नाही. लॅक ला क्रॉ नावाच्या तळ्याच्या कड्यावर जुन्या काळच्या लोकांनी तांबड्या रंगात काढलेली चित्रे आहेत. ती पाहण्यासाठी त्यातल्या दोघांनी वर्षभर रजा साठवली होती. ती राहिली. त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही, आणि तेच अधिक लागले.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, हे अमेरिकेचे कौतुक आम्हाला कशाला? आपल्या उजनीच्या पाण्यावर २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ते सहलीला निघाले नव्हते. आपल्याकडे पाणी ओलांडणे हा रोजचा व्यवहार आहे आणि लाइफ जॅकेट मागणारा प्रवासी भित्रा ठरतो. आणि वारी? आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांत मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे किती असतात, ते या जिल्ह्यातल्या कोणत्याही डॉक्टराला विचारा. एकादशीला गोळी घेऊन उपवास करणारे माझ्याकडे दर आषाढीला येतात. त्यांच्या खिशात तुळशीची माळ असते, चिल्लर असते, पण आपल्याला काय आजार आहे आणि कोणती गोळी चालू आहे हे सांगणारी चिठ्ठी नसते. विचारले तर म्हणतात, "माउली सांभाळते." माउली सांभाळीलच, पण दिंडीतल्या शेजाऱ्याला ठाऊक असले तर तिलाही हातभार लागेल, असे मी त्यांना म्हणतो. काही हसतात, काही चिठ्ठी घेतात.

माझे मत एवढेच की लांबच्या वाटेची तयारी दुकानापासून करू नये, आपल्या अंगापासून करावी. निघण्याच्या सहा-आठ आठवडे आधी पाठीवर थोडे ओझे घेऊन चालायला लागा. ओझे हळूहळू वाढवा. श्रम वाढणार असतील तर मधुमेहाच्या गोळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून आधी ठरवा, वाटेत आपल्या मनाने नको. औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवा, एक पिशवी बुडाली तरी दुसरी राहील. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज खिशात, पिशवीत नव्हे. आणि सोबत्यांना सांगा. यातले सगळ्यात अवघड हेच आहे, आणि याला पैसे पडत नाहीत. आम्हा डॉक्टरांनीही फुकटच्या सह्या थांबवाव्यात. त्या सहीवर विसंबून कोणी तरी दुसरा आपली नाव पाण्यात लोटतो.

त्या बाईंनी या वर्षीचा कागद पाठवला आहे. मला परत बोलावतील असे वाटले नव्हते. तो कालपासून टेबलावर आहे. 'आजार' या रकान्यातली जागा पुरली नाही, म्हणून उरलेले मागच्या बाजूला लिहितो आहे.