यीस्टचं काय लोणचं घालायचंय?

कमला सोहोनींची गोष्ट आपल्याकडे ठरलेल्या दोन तुकड्यांत सांगतात. पहिला तुकडा : १९३३ साली बी.एस्सी. झालेल्या कमला भागवतला बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आणि ती सत्याग्रह करून आत शिरली. दुसरा तुकडा : पुढे तिने नीरेवर काम केलं, कुपोषित आदिवासी मुलांना नीरा उपयोगी पडते हे दाखवलं, राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. टाळ्या! आठ मार्चचं भाषण संपलं. फार तर 'दुर्गाबाई भागवतांची बहीण' एवढी पुरवणी.

मधलं केंब्रिज मात्र एका वाक्यात उरकतात. तिथे तिने नेमकं काय पाहिलं, हे कुणी विचारतच नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

भांडण घरचंही आहे. माझी भाची कर्जतची. तिला यीस्टमधल्या मायटोकॉन्ड्रियावर संशोधन करायचंय. परवा एका लग्नाच्या पंगतीत तिला ऐकवलं गेलं, "यीस्ट? म्हणजे पावातलं? त्याचं काय लोणचं घालायचंय? त्यापेक्षा फार्मसी कर, खोपोलीत कुठेतरी चिकटशील." बोलणारी मंडळी हा ब्लॉग वाचतात. वाचा, आणि मग खुशाल रागवा.

खोपोलीचंच घेऊ. लोणावळ्याच्या बाजूला धरणांत साठवलेलं पाणी नळांतून घाट उतरतं, खाली टर्बाइन फिरवतं. १९१५ पासून टाटांचं हे वीजघर चालू आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर, हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय. पण ही नुसती उपमा नाही हो! मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात. तो पडदा म्हणजे धरणाची भिंत. प्रोटॉन परत येताना एक खरोखरचं चाक फिरवतात आणि त्यातून एटीपी तयार होतं. हे धरण भरायला लागणारी ऊर्जा अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जाताना मिळते. त्या साखळीतला एक हमाल म्हणजे सायटोक्रोम सी.

१९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी वर्णपटदर्शकातून यीस्ट पाहिलं. काळे पट्टे दिसले. हवेत ढवळलं की पट्टे नाहीसे, स्थिर ठेवलं की पुन्हा हजर. पेशी श्वास घेताना दिसली ती अशी, पावातल्या यीस्टमध्ये. त्याच केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना कमलाबाईंना सायटोक्रोम सी बटाट्यात सापडलं. म्हणजे श्वसनाची ही यंत्रणा वनस्पतींतही होती. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. आपण मात्र त्यांना काय म्हणून ओळखतो? दाराबाहेर बसलेली मुलगी!

आता 'उपयोग'. केलिन यांना किंवा कमलाबाईंना तेव्हा कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? धरणाची ती कल्पना पीटर मिचेल यांनी मांडली १९६१ साली, त्यांना नोबेल मिळालं १९७८ साली. हेच सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियाबाहेर सांडलं की पेशी स्वतःला संपवते, हे कळलं १९९६ साली. आज कर्करोगावर काम करणाऱ्यांना हे माहीत नसून चालत नाही. बटाट्यापासून इथपर्यंत जवळजवळ साठ वर्षं.

आणि यीस्टच का? श्वसन मोडलं तरी यीस्ट मरत नाही, साखर आंबवून दिवस काढतं. त्यामुळे यंत्राचा एकेक भाग काढून बघता येतो. माणसाचं तसं नाही. यातला एखादा भाग जन्मतः बिघडलेलं मूल आलं की मेंदू आणि स्नायू आधी थकतात. आपलं आणि यीस्टचं सायटोक्रोम सी तर निम्म्याहून जास्त सारखं. तुमच्या नातवंडांना जन्मताच टोचतात ती हेपटायटिस बी ची लसही यीस्टमध्येच वाढवलेली असते. ज्या नीरेचं एवढं कौतुक, तिची उन्हं वर येईपर्यंत ताडी करतं तेही यीस्टच. मडक्याला आतून चुना लावतात तो त्याला रोखायला. हे कर्जत-खालापूरच्या माणसाला मी काय सांगावं!

उपयोग नको असं मी म्हणत नाही. कुपोषणाचा प्रश्न आमच्या आदिवासी वाड्यांनाही सुटलेला नाही, तेव्हा नीरेवरचं काम मोठंच. पण उपयोग हा मागून येतो. त्याला आधी पानावर बसवायचा हट्ट धरला, तर स्वयंपाकच होणार नाही.

रामन यांनी निदान वर्षभर काम पाहिलं आणि मत बदललं. आपण काम बघतही नाही, पंगतीतच निकाल देतो. समोर परकं कुणी असतं तर पोरीने सत्याग्रह तरी केला असता. घरच्यांच्या दारात कसा बसणार?