सफारीनंतरची संध्याकाळ

ताडोब्याहून परतलेल्याला सगळे विचारतात, ‘वाघ दिसला का?’ या उन्हाळी अंकात आम्ही तो प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला आहे. दिवस मावळता जिप्सी मोहर्ली गेटबाहेर येते, धुळीने लाल झालेले रुमाल सुटतात आणि कॅम्पवर चहा-भज्यांसोबत खऱ्या गप्पा रंगतात: सांबराने कॉल दिला तो नेमका कुठून, रातवा कुठे बोलतोय. त्याच वेळी शेजारच्या गावात अंधाराआधी गुरं आत घ्यायची घाई असते. चंद्रपूर जिल्ह्यात मोह-तेंदूच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यांत माणसं जातात. पर्यटनाच्या अंकात हे कशाला, असं काहींना वाटेल. आम्हाला वाटत नाही. म्हणूनच गाइड, स्वयंपाकी आणि गुराख्यांना इथे बोलतं केलं आहे. वाचा, आणि पटलं नाही तर तेही जरूर कळवा.