जीपचे डिफरेन्शियल की ट्रॅक्टरचा लॉक?

सभासद बंधूंनो, जीपला ‘लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल’ बसवण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी हे चार शब्द.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून डिफरेन्शियल दोन्ही चाके कमी-जास्त फिरू देते. पण एक चाक गाऱ्यात गेले की तेच गरगर फिरते अन् कोरड्यातले उभे राहते. लिमिटेड स्लिपमधल्या क्लचप्लेटा हा फरक आवरून पकड असलेल्या चाकाला जोर देतात. वस्तू चांगलीच आहे.

पण राजेहो, आपला ऊस ट्रॅक्टर ओढतो, अन् बहुतेक ट्रॅक्टरांना डिफरेन्शियल लॉकचे पेडल आधीच असते. काळ्या मातीत ट्रॉली फसली की फिरते चाक थांबवून मगच ते दाबावे. वळण्यापूर्वी लॉक सुटलाच पाहिजे. नाही तर ट्रॅक्टर नीट वळत नाही, सरळ नालीत जातो. तेव्हा जीपवर पैसा घालण्याआधी ड्रायव्हरला हे शिकवा.

आणि दोन्ही चाके गाऱ्यात असली तर कोणताच लॉक कामाचा नाही. तिथे पांधणीवर मुरूमच पाहिजे. तो एकट्याने नव्हे, शेजाऱ्यांनी मिळून टाकावा. सहकार म्हणतात तो हाच!