आधी ऐका, मग पाना घ्या

जुन्या जीपच्या पोटातून आवाज यायला लागला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. मालक म्हणतो, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच." आणि मिस्त्री म्हणतो, "खोलून बघू." मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही वाक्यं आळसाची आहेत. पहिल्यानं जीव जाऊ शकतो, दुसऱ्यानं पैसा. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच खोड आहे: आवाज ही तक्रार नसून माहिती आहे, हे आपल्याला मान्यच नाही.

मी पेशानं संगणकवाला. आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले दोष शोधायचे, आणि जोडून सुट्टी मिळाली की पोखर्णीला जायचं. (हो, परभणी जिल्ह्यातलं, नृसिंहाचं. परळीकडे जाणाऱ्या रेल्वेवर स्टेशनही आहे.) तिथे काकांकडे महिंद्राची जुनी सीजे-३बी आहे, फोर व्हील ड्राइव्ह. ही गाडी हौसेची नाही. काळ्या रानात पाऊस झाला की मोटरसायकल बांधावरच ठेवावी लागते. कापूस आणायचा, खत न्यायचं, रात्री-अपरात्री कुणाला परभणीच्या दवाखान्यात पोचवायचं, हे सगळं तिच्यावर. ती बंद म्हणजे घर बंद.

मध्यंतरी तिच्यातून "चिक-चिक" असा आवाज येऊ लागला. तालुक्याच्या बाहेरच्या एका गॅरेजवाल्यानं (नाव जाऊ द्या) गाडी पाच मिनिटं उभी ठेवून ऐकली आणि निकाल दिला: "मालक, गिअरबॉक्स गेलाय. काढावाच लागतंय." खर्च सांगितला तो एका हंगामाच्या बियाण्याएवढा. काकांनी मला फोन केला. मी विचारलं, आवाज कधी येतो? "काय की बाबा, निसता यायलाय." चढावर येतो का? उतारावर? वळताना? काकांना सांगता येईना, कारण त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं! ज्यानं गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला त्यानंही नाही.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. दोष पुन्हा घडवून दाखवता येत नसेल तर दुरुस्तीला हात लावायचा नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जीपला हाच नियम लावा, यात काहीही अवघड नाही.

पहिला प्रश्न: आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की चाकांच्या? मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ४० ला गाडी आणा आणि न्यूट्रल करा. इंजिन खाली बसलं तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकांबरोबर फिरणाऱ्या भागात आहे: ट्रान्सफर केसचं मागचं तोंड, शाफ्ट, क्राऊन-पिनियन, बेरिंग, टायर. उलट, गाडी जागेवर उभी, ट्रान्सफर केस न्यूट्रलला, गिअर टाकून क्लच सोडला तरी आवाज येतोय, तर खुशाल गिअरबॉक्सवर संशय घ्या. ह्या दोन परीक्षांना एक पानासुद्धा लागत नाही.

दुसरा प्रश्न: आवाज मोजता येतो का? इथे मला फार मजा येते. मूळ सीजे-३बीच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. (कुणी क्राऊन बदललाय अशी शंका असेल तर न्यूट्रलमध्ये गाडी ढकला, चाकाचा एक फेरा होऊ द्या आणि शाफ्टचे फेरे मोजा.) ६.००-१६ चं टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. म्हणजे ताशी ८ किलोमीटरला चाक सेकंदाला एकदा फिरतं आणि शाफ्ट पाचदा. टायरवर खडूचा पट्टा मारा, कुणालातरी शेजारून भरभर चालायला लावा. पट्टा एकदा खाली येईपर्यंत आवाज एकदाच आला तर चाक, ब्रेक ड्रम किंवा टायर. पाच-सहा वेळा आला तर शाफ्ट. संपलं! आमच्या जीपची "चिक-चिक" पट्ट्याच्या एका फेऱ्याला पाचदा होती. मागच्या शाफ्टचा क्रॉस कोरडा पडून आत गंज धरला होता. गिअरबॉक्स ठणठणीत.

तिसरा प्रश्न: ओढताना आणि सोडताना काय फरक पडतो? ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन क्राऊनला दाताच्या एका बाजूनं रेटतं, सोडला की दुसऱ्या बाजूनं. म्हणून "हूंऽऽ" असा आवाज यातल्या एकाच वेळी येत असेल तर क्राऊन-पिनियनकडे आणि पिनियनच्या बेरिंगकडे बघा. दोन्ही वेळा सारखीच घरघर असेल आणि डावी-उजवीकडे वळताना कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेरिंग. गाडी निघताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच "ठक" झाला तर क्रॉसमध्ये, स्लिप जॉइंटमध्ये किंवा क्राऊनमध्ये प्ले आहे. डांबरावरून मातीवर उतरताच आवाज बदलला तर टायरच बोलतंय.

आणि आपल्या भागाचा खास आवाज विसरू नका. काळी माती रिमच्या आत एका बाजूला वाळून बसते आणि मग ताशी ४० ला गाडी थरथरते. सेकंदाला पाच हादरे, म्हणजे हिशेबानं चाकच. याला औषध म्हणजे बादलीभर पाणी आणि खुरपं. तसंच, रानातून बाहेर पडल्यावर फोर व्हील तशीच लागलेली राहिली तर या जीपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतला फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियल नाही. मग डांबरी रस्त्यावर वळताना स्टिअरिंग जड होतं, पोटात कुरकुर होते, गाडी अडखळते. तो बिघाड नाही, फोर व्हील काढायची राहिलीय!

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर मागच्या शाफ्टचे यू-बोल्ट सोडून तो काढा, फोर व्हील टाका आणि मऊ मातीवर हळू चालवा. गाडी पुढच्या चाकांवर जाते. आवाज गेला तर दोष मागच्या शाफ्टच्या बाजूला, राहिला तर तो शाफ्ट निर्दोष; मागची चाकं आणि क्राऊन मात्र तेव्हाही फिरतच असतात. एक खबरदारी मात्र घ्याच. सीजे-३बीची हँडब्रेक चाकांवर नसते, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असते. शाफ्ट काढला की मागची चाकं मोकळी झाली. आधी चाकांना दगड लावा, मग गाडीखाली शिरा.

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्रीची उभी हयात यात गेली, त्याला कानानं कळतं, तू कोण शहाणा? बरोबर आहे, चांगल्या मिस्त्रीला कळतं. पण तो काय करतो ते नीट बघा. तो स्वतः चालवायला बसतो, न्यूट्रल करतो, गाडीखाली जाऊन हातानं शाफ्ट हलवतो, ऑइल काढून दोन बोटांत चोळतो. करडी पेस्ट असेल तर मान हलवतो, चकचकीत तुकडा सापडला तर गप्प होतो, ऑइल दुधाळ असेल तर विचारतो की कुठल्या ओढ्यातून काढली होती. म्हणजे तो हेच प्रश्न विचारत असतो, फक्त मोठ्यानं बोलत नाही. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. माझं भांडण न विचारता उत्तर देणाऱ्याशी आहे.

दुसरा आक्षेप शहरातल्या मित्रांचा. भंगारात द्या, नवी घ्या. अरे बाबांनो, मोटार वाहन कायद्यात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते हे खरं, पण पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरणाची सोयही त्याच कायद्यात आहे. कायदासुद्धा गाडी धड आहे का असं विचारतो. तुम्ही वय ऐकूनच निकाल देता.

आणि "आवाज करणारच" म्हणणाऱ्या मालकांनो, क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत खाली पडलं तर ते रस्त्यात रुततं आणि मागून गाडी त्याच्यावर चढते. त्यात मागे बसलेली तुमचीच माणसं असतात. क्रॉस मात्र बरेच दिवस आधीपासून चिकचिक करून सांगत असतो. त्याला हवं असतं वेळेवर ग्रीस, नाहीतर एक नवा क्रॉस.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गॅरेजात जाण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: कोणत्या वेगाला, ओढताना की सोडताना, वळताना काय होतं, चाकाच्या फेऱ्याला किती वेळा. आणि "खोलून बघू" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, "खोलल्यावर काय सापडणार आहे, ते आधी सांगा." सांगता आलं तर गाडी त्याच्या हवाली करा. नाही आलं तर किल्ली खिशात टाका आणि निघा.

असो, लेख लांबला. काकांचा कागद आता जीपच्या सन वायझरला रबर लावून अडकवलेला असतो. परवा फोनवर म्हणाले, "ओढताना नाही, सोडताना हूं करायलंय, साठच्या पुढं." पुढच्या सुट्टीत पिनियनचं बेरिंग बघायचंय.